निवेदिकेच्या आवाजाला ठेका देणाऱ्या जिभाऊंस

आदरणीय जिभाऊ,

सादर नमस्कार.

माझे अहिराणीतील पहिले रॅप गीत प्रसिद्ध झाल्यापासून खान्देशातून आणि सुरतेहून अभिनंदनाचे निरोप येत आहेत. इतकी वर्षे रेडिओवर बोलल्यामुळे तुम्हाला हे सोपे गेले असेल, असे त्यांतील बहुतेकांनी लिहिले आहे. ते सोपे गेले नाही. जे साधले ते कोणामुळे साधले, हे चारचौघांत सांगणे मला आवश्यक वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

धुळ्याच्या आपल्या छोट्या ध्वनिमुद्रण कक्षात तुम्ही मला रॅप शिकवलात, असे म्हटलेले तुम्हाला आवडणार नाही. निवेदनाच्या कामातून अंगी मुरलेल्या सवयींपैकी कोणत्या सोबत न्यायच्या आणि कोणत्या दाराबाहेर ठेवायच्या, हे मात्र तुम्ही एकेक सवय हाती घेऊन दाखवलेत, आणि माझ्या दृष्टीने ते शिकवण्याहून मोठे होते.

निवेदिकेचा आवाज हा सकाळी सातला कोणाच्याही घरात शिरून कोणालाही न दुखवणारा असा घडवलेला असतो. वाक्याचा शेवट अलगद खाली उतरतो, शब्दांमागे कायम एक हसू असते, आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ बोलल्याने आवाजातला खर्ज वाढून तो अधिक आपुलकीचा भासतो. त्याच आवाजात मी सुरतेला कामासाठी गेलेल्या माणसांविषयी बोलू लागले, तेव्हा तुम्ही मला वीतभर मागे उभे केलेत आणि ओळीचा शेवटचा शब्द खाली न सोडता ठेक्यावर उभा ठेवायला सांगितलेत. आवाज चढवायला तुम्ही एकदाही सांगितले नाही. राग ऐकू येण्यासाठी ओरडावे लागत नाही, शब्द वेळेवर पडावा लागतो, ही तुमची समजूत आता माझीही झाली आहे.

वेळेचे भान मात्र तुम्ही जपायला लावलेत. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बोलताना गायकाचा पहिला शब्द येण्याआधी आपले वाक्य संपवणे, हे कौशल्य रेडिओवरील प्रत्येकाला कमवावेच लागते. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात : मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीत, चार ठोक्यांचा एक याप्रमाणे १६ बार जवळजवळ ४३ सेकंदांत संपतात. तेवढ्या अवधीत मी रोज हवामान, वेळ आणि पुढच्या गाण्याचे नाव सांगते, हे तुमच्या लक्षात होते. फरक श्वासाचा होता. निवेदनात श्वास विरामात लपतो. येथे त्याला आधीच जागा नेमून द्यावी लागते, आणि त्या जागा तुम्ही माझ्या संहितेवर लाल पेनाने खुणा करून दिल्यात. तो कागद मी जपून ठेवला आहे.

सर्वांत मोठे ऋण भाषेचे आहे. माझे माहेर अमळनेर तालुक्यातले, घरची बोली अहिराणी, परंतु मायक्रोफोन समोर आला की तोंडून प्रमाण मराठीच निघते, कारण माझ्या कामाची भाषा तीच राहिली आहे. पहिला मसुदा वाचून तुम्ही इतकेच म्हणालात, ‘घरमा जी बोली बोलस, तीच लिख, माय.’ त्यानंतर अहिराणीतली खरी अडचण समोर आली, आणि तीही तुम्हीच ओळखलीत. मी करस, तू करस, तो करस, अशी तिन्ही पुरुषांची क्रियापदे एकाच ध्वनीवर थांबत असल्यामुळे यमक फुकट मिळते, आणि फुकटचे यमक चार ओळींत कानाला नकोसे होते. तुम्ही क्रियापद ओळीच्या मध्ये घ्यायला लावलेत आणि शेवट नामांवर आणलात. सुरतेतल्या उधन्याला जाणारी गाडी आणि तिथल्याच लिंबायतमध्ये घरी बसून टिकल्या चिकटवायची साडी ही जोडी त्यामुळेच सुचली, आणि ताप्ती रेल्वेमार्गावरून वर्षानुवर्षे सुरतेला जाणाऱ्या बायका गीताच्या मधोमध आल्या. माझ्या मते त्या गीतात जे काही चांगले आहे, ते त्या दोन शब्दांभोवती आहे.

सरळ बोलणाऱ्या बाईने हे काय आरंभले, असे काही आप्तांनी विचारले, तेव्हा तुम्ही मला उपदेश केला नाहीत, इतिहास सांगितलात. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या रेडिओवर जॉको हेंडरसन १९५० च्या दशकात यमकांत बोलत असत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील केंद्रांचे कार्यक्रम जमैकात ऐकू येत, आणि तेथील ध्वनिक्षेपकांच्या मेळाव्यांत रेकॉर्डवर बोलण्याची जी रीत वाढली तिच्यावर या निवेदकांच्या लकबींचा ठसा होता. किंग्स्टनमध्ये जन्मलेले डीजे कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जो मेळावा केला, तो रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. पुढे १९७९ साली जॉको हेंडरसन यांनी स्वतः रॅपची रेकॉर्ड केली, आणि १९८३ साली रेडिओवरचे गॅरी बर्ड यांनी स्टीव्ही वंडर यांच्या साथीने दहा मिनिटांहून लांब रॅप गीत केले. म्हणजे मी कोणाच्या अंगणात शिरत नव्हते. निवेदकांच्या बोलण्यातूनच या कलेची एक वाट निघालेली आहे. मुंबईच्या स्वदेसी या रॅप समूहातील एमसी मवाली मराठीत रॅप करतात, हेही तुम्ही ऐकवलेत आणि मग विचारलेत की अहिराणीने का थांबावे. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते नसल्यामुळेच काम पुढे सरकले.

संगीताविषयी तुमचा आग्रह मला सुरुवातीला जड वाटला होता, हे खरे. आंतरजालावर तयार बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारे संगीत, भाड्याने मिळतात, स्वस्तही असतात. पण तोच बीट उद्या आणखी कोणाच्याही गीतात वाजू शकतो आणि तो किती वेळा ऐकवता येईल यावर बहुधा मर्यादा असते. तुम्ही वहीगायन या खान्देशी लोकगायनाच्या एका डफवादकाला बोलावलेत, त्याच्या ठेक्यावर सगळी रचना उभी केलीत, आणि ध्वनिमुद्रणाआधी त्याचे मानधन व लेखी संमती पूर्ण केलीत. कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क कायद्याने ५० वर्षे टिकतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. माझ्या शब्दांबाबतही तुम्ही तितकेच कडक होतात. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) आपला समान वाटा सोडून देता येत नाही, तेव्हा अशा मजकुरावर सही करायची नाही, असे तुम्ही बजावलेत आणि गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा सदस्यत्वाचा अर्ज माझ्यासमोर बसून भरून घेतलात. बाहेरच्या कामासाठी माझ्या रेडिओ केंद्राची लेखी परवानगी आधी घ्यावी, हा तुमचा सल्लाही मी पाळला. लहान गावांतील कलावंत आवाजाने कमी पडत नाहीत, कागदाने कमी पडतात, हे मी आजूबाजूला पाहत आले आहे. त्यामुळे तुमच्या या मदतीचे मोल मी इतर सर्व मदतीच्या बरोबरीने मानते.

गीताच्या श्रेयनामावलीत आपले नाव घालू नये, असे तुम्ही सांगितले होते. जिभाऊ, ती एक गोष्ट मी ऐकलेली नाही. ध्वनिमुद्रण आणि संगीतरचना या दोन्ही ठिकाणी तुमचे नाव आहे, आणि संगीतकार म्हणून तुमचा वाटाही नोंदवला आहे. तो कृपया नाकारू नये.

पुढचे काम आखाजीचे, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचे आहे. झोक्यावरची गाणी म्हणण्यास माझ्या मावश्या आणि त्यांच्या मैत्रिणी तयार झाल्या आहेत, आणि त्यांच्या आवाजांमध्ये माझे रॅपचे तुकडे गुंफायचे असे आपण ठरवले होते. त्या सगळ्यांना वाचून समजेल असे संमतीपत्र मी अहिराणीत लिहिले आहे. मसुदा या पत्रासोबत वेगळा पाठवत आहे. मानधनाचे कलम एकदा पाहून दुरुस्त करून द्यावे, म्हणजे सणाआधी सह्या घेता येतील.

आपली कृतज्ञ,
जळगावच्या रेडिओवरील एक निवेदिका