सिनेगॉगला डागडुजी हवी, तसा प्रौढांचा हिब्रू वर्गही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-कोकणातील बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाच्या सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिरांच्या) जतनाविषयी अधूनमधून छापून येते, आणि ते यायलाच हवे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेले 'शाअर हारहामीम' असो की अलिबागचे 'मागेन आबोथ', या वास्तू टिकल्याच पाहिजेत. पण आत बसून सिद्दूरमधले (प्रार्थनापुस्तकातले) हिब्रू वाचणारे कमी होत चालले आहेत, त्याची चर्चा होत नाही. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. त्यांत प्रार्थना चालवणारे हज्जानही गेले, शिकवणारेही गेले. इथे राहिलेल्या अनेक प्रौढांची तेफिला, म्हणजे प्रार्थना, देवनागरीत लिहिलेल्या हिब्रूवर चालते.

देवनागरी कागद वाईट नाही, पण प्रौढांचा वर्ग त्याच्यावरच थांबला तर शिकणे खुंटते. हिब्रूतील आलेफ आणि आयिन ही दोन्ही अक्षरे 'अ' होतात, काफ आणि कोफ दोन्ही 'क', तेथ आणि ताव दोन्ही 'त'. कागदावरून शब्द म्हणता येतो, पण तोच शब्द दुसऱ्या पानावर आला तर ओळखू येत नाही. दहा वर्षे प्रार्थना म्हणूनही माणूस कागदालाच बांधलेला राहतो.

वर्ग शनिवारी, तेफिलेनंतर ठेवण्याचा मोह होतो, कारण माणसे तेव्हा जमलेली असतात. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिता येत नाही. फळा नाही, वही नाही, आणि गिरवल्याशिवाय अक्षर प्रौढांच्या हातात बसत नाही. रविवार सकाळच योग्य. सुरुवात सिमहाथ तोरा या शरद ऋतूतील सणानंतर करावी. त्याआधी तिश्री महिन्यातल्या सणांमुळे वर्ग सलग होत नाहीत. तिथून पेसाहपर्यंत, म्हणजे वसंतातल्या वल्हांडण सणापर्यंत, किमान तेवीस-चोवीस रविवार मिळतात, तेवढे वाचनाला पुरतात.

आलेफ, बेथ, गिमेल अशा क्रमाने अक्षरे शिकवू नयेत. 'शेमा' या मुख्य प्रार्थनेची पहिली ओळ घ्यावी. तिच्या सहा शब्दांत बावीसपैकी बारा अक्षरे येतात, आणि ओळ सगळ्यांना पाठ असल्याने चूक आपली आपल्यालाच कळते. फक्त ईश्वराचे नाव लिहिल्याप्रमाणे न वाचता 'अदोनाय' म्हणायचे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. गोंधळ होतो तो दिसायला सारख्या जोड्यांत: बेथ-काफ, हे-हेथ, आणि सर्वांत जास्त दालेथ-रेश. दालेथचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. सेफेर तोरामध्ये, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत, या ओळीतील 'एहाद' (एक) या शब्दाचा दालेथ मुद्दाम मोठा लिहितात. तिथे रेश वाचला, तर 'एक'चा 'दुसरा' होतो. शिकणाऱ्याला हे एकदा दाखवले की तो कोपरा विसरत नाही. त्सादी मात्र मराठी माणसाला शिकवावी लागत नाही, 'चमचा'तला च म्हटला की झाले.

कोणी आई-वडिलांच्या निधनानंतर कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना शिकायला येतो, त्याला चोवीस रविवार थांबवता येत नाही. त्याला देवनागरी द्यावीच, पण प्रत्येक ओळीच्या वर हिब्रू लिपीतील ओळ छापून. पाठ होत जाईल तशी खालची ओळ कागदी पट्टीने झाकावी.

तोरावाचन दुसऱ्या वर्षी. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, म्हणून तिक्कून हे सरावाचे पुस्तक वापरावे: एका रकान्यात स्वरांसह मजकूर, शेजारी तोच गुंडाळीसारखा, स्वरचिन्हांविना. नवख्याला पूर्ण पाराशा (आठवड्याचा वाचनभाग) देऊ नये. शब्बाथच्या मिन्हाला (दुपारच्या प्रार्थनेला) वाचन छोटे असते, त्यातल्या तीन पासुकांपासून (वचनांपासून) सुरुवात करावी.

अर्थ मराठीतच सांगावा. या समाजाला ते नवीन नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये छापले, मराठीसह हगादा (पेसाहच्या रात्री वाचायचे पुस्तक) १८४६ मध्ये मुंबईत निघाली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत बांधून कीर्तने होऊ लागली. प्रौढांसाठी याहून चांगली शाळा क्वचितच असेल, आणि एखादे आख्यान दर दोन महिन्यांनी वर्गात सहज करता येईल.

डागडुजीसाठी देणगी देणाऱ्यांना विनंती, की त्यातला थोडा भाग मोठ्या टाइपातील सिद्दूरसाठी राखावा, उजव्या पानावर हिब्रू आणि डाव्या पानावर मराठी. आणि शिकवणाऱ्याला मानधनाबरोबर अलिबाग-पनवेलचा प्रवासखर्चही द्यावा, कारण तिथे रविवारी माणसे बसायला तयार असली, तरी शिकवणारा मुंबई-ठाण्याहूनच जावा लागतो.

– प्रौढ हिब्रू वर्गाचे शिक्षक, ठाणे