बंडूच्या इंजेक्शननंतरचा आठवडा

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलेलं निम्मंअर्धं निसटतं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. हा कागद फ्रिजवर लावून ठेवा.

आपल्या बंडू कुत्र्याला झालेला लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, सहसा कायमचा बरा होत नाही, पण केमोला चांगली दाद देतो. काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना. पूर्ण कोर्स झाला तर बऱ्याच कुत्र्यांना वर्षाच्या आसपास मिळतं, तेही खातपीत, शेपटी हलवत. कुत्र्यांना डोस माणसांपेक्षा बेतानेच देतात, त्यामुळे आईच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे तसं होत नाही. केसही सहसा जात नाहीत, फार तर मिशा गळतील.

इंजेक्शननंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलटी-जुलाब होऊ शकतात. एखादी उलटी झाली तर काही तास खायला देऊ नका, मग डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी आणि थोडा मऊ भात, त्यात बिनहाडाचं उकडलेलं चिकन. कोमट करून द्या, वास आला की तोंड लावतो. दोन-तीनदा उलटी झाली किंवा चोवीस तास खाल्लं नाही तर फोन करा.

खरी काळजी पाचव्या ते सातव्या दिवसाची. तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि साधा जंतूही जड जातो. बाबा, डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर, सकाळ-संध्याकाळ. कान गरम लागले यावर काही ठरवू नका. आणि १०१ बघून घाबरू नका. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मलच. १०३ दिसला की मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवायचं. घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी अजिबात नको. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असताना ब्रुफेन, डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात अल्सर होऊन काळी शी होते.

प्रेडनिसोलोन सकाळी खाण्यानंतर. त्याने तहान, भूक, लघवी तिन्ही वाढतात. घरात लघवी केली म्हणून पाणी तोडू नका, रात्री एक फेरी जास्त मारा. बरा दिसतोय म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. ती डॉक्टर हळूहळू उतरवतात.

सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या गोळीची पाळी असेल तेव्हाही सकाळीच द्या, भरपूर पाणी पाजा आणि दिवसभर दर दोन तासांनी बाहेर न्या. हे औषध लघवीतून जाताना मूत्राशय सोलून काढतं. लघवी तुंबली की जास्तच. लाल लघवी दिसली तर पुढची गोळी न देता आधी फोन. गोळी फोडायची, कुटायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची. त्यानंतर तीन दिवस त्याची शी-लघवी, ओकारीही मोजे घालून उचला, फरशी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, त्याचं अंथरूण वेगळं धुवा. वहिनीला दिवस आहेत, तिने यातलं काहीच करायचं नाही.

दर इंजेक्शनआधी रक्त तपासतील. पेशी कमी निघाल्या तर आठवडाभर पुढे ढकलतील, त्यात बिघडलं असं काही नाही. सुई लावताना बंडू हलला आणि औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडते; म्हणून बाबा, डोकं तुम्ही धरा, घरी तो पाय आठवडाभर बघा. सूज, लाली दिसली तर शेक की बर्फ हे स्वतः ठरवू नका. ते केमोचं कुठलं इंजेक्शन दिलंय त्यावर असतं: व्हिन्क्रिस्टीनला शेक लागतो, डॉक्सोरुबिसिनला बर्फ.

आई, आता तुझ्यासाठी. तासगावात बेदाणा कुठेही सांडलेला असतो, पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, मूठभरसुद्धा फार झाला. बेदाण्याची पाटी उंचावर. कांदा-लसणाचा रस्सा भातावर नको. कच्चं मटण नको. आणि सांगलीची हळद कितीही नामी असली तरी दुधातून वेगळी देऊ नकोस, केमोच्या औषधांत ती लुडबूड करू शकते.

तारीख, ताप, वजन, काय खाल्लं, एका वहीत लिहा. वजन शनिवारी, त्याला उचलून काट्यावर उभं राहून मग बाबांचं वजा करून. रिपोर्ट एकाच पिशवीत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायची वेळ आली तर ते लागतील.

हातमोज्यांचा डबा कुरिअरने येतोय. मधल्या साइजचे मागवलेत, बाबांना घट्ट होतील, तेवढे कळवा.

तुमची,
मनू