सोनौली सीमेचा तो मेसेज पुढे पाठवू नका

नमस्कार मंडळी,

'नेपाळ सीमा बंद, भारतीयांना व्हिसा सक्तीचा' हा खोटा मेसेज काल नागपुरातल्या महालच्या ग्रुपवरून काढला, तोवर तो धरमपेठ, मानेवाडा ग्रुपवर पोचला होता. आपले ग्रुप जोडलेले, पण ॲडमिन प्रत्येकाचे वेगळे. एकाने काढलेलं दुसऱ्याकडे तसंच राहतं. मेसेजमधला सोनौली सीमेचा म्हणून दिलेला फोटो नीट बघा, रस्त्याच्या कडेला बर्फ आहे. सोनौली, म्हणजे उत्तर प्रदेशातून नेपाळला जायची सीमा, तर तराईच्या, हिमालयाच्या पायथ्याच्या सपाटीवर! दोन काकूंनी घाबरून तिकिटं रद्द केली, फार वाईट वाटलं.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत घ्या. १५ ते ६५ वयाच्यांना नुसतं आधार कार्ड चालत नाही.

मेसेज कुठेही दिसला तर त्याच ग्रुपच्या ॲडमिनला लगेच कळवा.