लियामचे तीळ आणि तुझी नखं

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

लियामच्या बाबांचा मेलॅनोमा, म्हणजे तो कातडीचा कॅन्सर, वेळेवर निघाला हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण आता लियामने अंगावर काढू नये. मेलॅनोमा तिशीतही होतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो झालेला असला की धोका साधारण दुप्पट होतो, आणि क्वीन्सलँडचं ऊन तर तू बघतेच आहेस. त्यात त्याचे केस तांबडे. अशा माणसांत केसांचा-कातडीचा रंग ठरवणाऱ्या एमसी-वन-आर जनुकाच्या बहुधा दोन्ही प्रती बदललेल्या असतात. उन्हापासून राखणारं काळपट मेलॅनिन (कातडीतलं रंगद्रव्य) कमी बनतं, तांबूस मेलॅनिन जास्त. आणि ते फारसं राखत नाही. त्यातली एक प्रत बाळाला मिळणार. त्याचे केस तुझ्यासारखे काळेभोर निघाले तरी बेफिकीर राहू नकोस. लहानपणी फोड येईपर्यंत कातडी भाजली तर त्याची किंमत मोठेपणी मोजावी लागते. पहिले सहा महिने क्रीमपेक्षा सावली आणि लांब बाह्यांचे कपडे बरे.

सासऱ्यांना एवढं विचार: त्यांच्या घराण्यात आणखी कुणाला मेलॅनोमा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता का? तसे बरेच जण निघाले, तर या दोन्ही कॅन्सरशी संबंध असलेल्या सीडीकेएन-टू-ए जनुकाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यातला बदल प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते.

लियामच्या उजव्या हाताचे तीळ मोज. 11 हून जास्त असले तर अंगावर 100 हून जास्त असण्याची शक्यता बरीच असते, आणि तिळांची संख्या हीच मोठी खूण आहे. इतरांपेक्षा वेगळा दिसणारा किंवा बदलणारा एखादा असेल, तर तो आधी दाखवा. पाठ त्याला दिसत नाही, ती तूच बघ.

आता तुझं. सावळ्या कातडीला उन्हाचा मेलॅनोमा क्वचित होतो, पण तळवे आणि नखांखाली होणाऱ्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. कुरूप, चामखीळ किंवा बुरशी समजून लोक त्यावर महिनोन् महिने घालवतात. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या अनेक नखांवर काळसर उभ्या रेघा असतात, त्याचं काही नाही. एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवी रेघ उमटली, रुंदावत गेली किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीत उतरला, तर लगेच जा. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. पायाच्या अंगठ्याला त्याला वर्षही लागतं. रेघ मात्र मुळापासून सलग राहते. दर महिन्याला नेलपॉलिश काढून एकदा बघत जा.

आणि संशय असलेला तीळ ब्युटी क्लिनिकमध्ये लेझरने जाळून घेऊ नका. जळलेल्या तिळाची बायॉप्सी होत नाही. तो अख्खा कापून पॅथॉलॉजीला गेला पाहिजे.

तुझी,
आई