'फास्ट' रंग जाणारा की टिकणारा?

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांच्या पानावर गेल्या आठवड्यात 'फास्ट' या इंग्रजी शब्दाचे 'जलद' आणि 'उपवास' असे दोन अर्थ देऊन 'यांचा एकमेकांशी काही संबंध नाही' असं छापलं आहे. संबंध आहे. मला तो एक गिऱ्हाईक गमावल्यावर कळला.

माझं कापडाचं दुकान आहे. पोळ्याच्या आधी एक म्हातारी नातीला घेऊन झंपराचं कापड घ्यायला आली. हिरवं पसंत पडलं. मी कात्री उचलली, तेवढ्यात नातीनं काठावरचं 'फास्ट कलर' वाचलं. "आज्जे, फास्ट म्हंजी जल्दी. रंग जल्दी जाईल म्हणून लिव्हलंय." म्हातारीनं कापड गादीवर ठेवलं. "निदान सांगून तरी इकतेत. दुसरं दाखवा." मी पक्का रंग, पक्का रंग म्हणत राहिलो, पण शाळेत जाणाऱ्या नातीपुढं दुकानदाराचं कोण ऐकतो!

रात्री मुलाचा जाडा शब्दकोश काढला. नात चुकली, पण चूक तिची नव्हे. जुन्या इंग्रजीत 'फास्ट'चा मूळ अर्थच घट्ट, पक्का, न हलणारा. 'फासन' म्हणजे घट्ट बांधणं, 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी आखापर्यंत रुतली, तर इंग्रज तिला 'स्टक फास्ट' म्हणेल. रुतलेलीही फास्ट आणि डांबरी रस्त्यावर पळणारीही फास्ट!

घट्टपणातून वेग कसा निघाला? घट्ट म्हणजे जोर लावून, जोर लावून म्हणजे नेटानं, आणि नेटानं पळणारा लवकर पोचतो. आधी क्रिया कशी होते ते सांगताना हा अर्थ रुळला आणि सोळाव्या शतकापर्यंत 'फास्ट'ला विशेषण म्हणूनही 'वेगवान' हा अर्थ चिकटला. आपल्याला हे नवल वाटायला नको. आपण 'दोर जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ'ही म्हणतो.

उपवासही त्याच मुळाचा. नेम घट्ट धरून ठेवणं, हा त्यामागचा भाव. आषाढीला आपणही उपास 'धरतो' आणि नंतर 'सोडतो'. इंग्रज मात्र तो रोज सकाळी मोडतो, म्हणून त्याच्या न्याहारीचं नाव 'ब्रेकफास्ट'. (आपली एकादशी दुप्पट खाशी, तो भाग वेगळा.)

तेव्हा विद्यार्थ्यांच्या पानावर एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. ती नात आपलं पान वाचत असणार, असा माझा दाट संशय आहे. हिरवा तागा अजून फळीवरच आहे.

आपला,
एक कापड दुकानदार, परभणी