पिसे हा शरीराने टाकलेला कचरा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पिसांच्या उगमाविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ योझेफ राइशहोल्फ यांची कल्पना त्यात मांडली आहे. पिसे मुळात उडण्यासाठी नव्हती आणि ऊब धरण्यासाठीही नव्हती. भरपूर प्रथिने खाल्ल्यावर उरणारे गंधक शरीराबाहेर टाकण्याची ती वाट होती, आणि पिसे झडणे म्हणजे तो साठा फेकून देणे. कल्पना धीट आहे. पण ती जणू सिद्धच झाली आहे, असा लेखाचा सूर मला खटकला.

मी पशुवैद्यक आहे. कोंबड्यांच्या खाद्याचे हिशेब मांडण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात सर्वांत आधी कमी पडते ते मेथिओनिन, म्हणजे गंधक असलेले अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक). म्हणून ते वेगळे विकत घेऊन मिसळावे लागते. ते कमी पडले की वाढ खुंटते, पिसे विरळ आणि निस्तेज येतात, पक्षी एकमेकांची पिसे उपटून खाऊ लागतात. पिसे ही गंधकाची कचराकुंडी असती, तर गंधक कमी पडल्यावर शरीराने ओझे उतरले म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता. प्रत्यक्षात पिसांसाठी शरीर ते कुठूनही ओढून आणते.

यावर लेखकाचे उत्तर काय असेल, हे मी ओळखून आहे. कोंबडी दाणे खाते, पक्ष्यांचे पूर्वज मांस आणि कीटक खात, त्यांच्याकडे गंधक उतू जात असणार. ठीक आहे, मग मासे खाणारा पेंग्विन पाहू. एम्परर पेंग्विन पिसे बदलण्याआधी समुद्रात खाऊन लठ्ठ होतो. मग महिनाभर समुद्राबाहेर उपाशी उभा राहून सगळी पिसे एकदम बदलतो. तेवढ्यात त्याचे वजन जवळजवळ निम्म्यावर येते. नव्या पिसांचे प्रथिन तो स्वतःच्या शरीरातून काढतो, आणि पिसांत सिस्टीनचे, म्हणजे गंधक असलेल्या आणखी एका अमिनो आम्लाचे, प्रमाण स्नायूंपेक्षा कितीतरी जास्त असल्याने थोड्या पिसांसाठी पुष्कळ स्नायू खर्ची पडतो. पोट रिकामे असताना इतक्या हालअपेष्टा सोसून कोणी कचरा तयार करत नाही. शिवाय जास्तीचे गंधक काढायला सोपी वाट आहेच. यकृत त्याचे सल्फेट करते, मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मांजरासारखा पक्का मांसाहारी प्राणी तेवढ्यावर निभावतो.

तरीही या कल्पनेमागचा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मी लेखकाचा ऋणी आहे. 1861 मध्ये जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेल्या पिसाचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे, पण आकाराने आजच्या पक्ष्याच्या पिसासारखेच होते. त्यात पिसांची सुरुवात दिसत नव्हती. ती दिसू लागली 1996 मध्ये, चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरोप्टेरिक्सच्या जीवाश्मामुळे. त्या छोट्या डायनोसॉरच्या अंगावर साधे तंतू आहेत, ज्यांवर उडणे अशक्य. मग त्यांचा उपयोग काय? 2010 मध्ये त्या तंतूंत रंगद्रव्याचे कण ओळखले गेले आणि शेपटीवर तांबूस व फिकट पट्टे होते, असे दिसले. 2012 मध्ये त्याच प्रांतातून युटिरॅनसची माहिती आली. सुमारे 9 मीटर लांबीच्या या डायनोसॉरलाही तंतूंचे आवरण होते, म्हणजे उडण्याचा प्रश्नच नाही. ऊब आणि दिखावा ही दोन उत्तरे मला इथे सर्वांत बळकट वाटतात. पट्टे तर कुणाला तरी दिसण्यासाठीच असतात, मग तो जोडीदार असो वा शत्रूची फसवणूक.

पट्टे मागाहून आले, तंतू आधी कचरा म्हणूनच उगवले, असे म्हणता येईल. पण मग त्या पहिल्या टप्प्याचा एखादा माग दाखवायला हवा, आणि तो लेखात कुठेही नाही.

संपादक महोदय, अशा वेगळ्या कल्पना जरूर छापा. पण विरुद्ध बाजूचा पुरावा त्याच पानावर असावा, कारण शाळेतली मुले हा मजकूर कापून वहीत चिकटवतात. लेखकाने पेंग्विनच्या उपवासाचा खुलासा करावा, ही विनंती. त्यांच्या उत्तराची मी मनापासून वाट पाहतो.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक