दोन्ही गोळ्या चालूच राहू देत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईचा आवाज कापरा झाला, म्हणून मी विषय तिथेच सोडला. पण तो सोडून चालणार नाही, म्हणून नीट लिहितेय.

आई, गरोदरपणी थायरॉईडची गोळी बाळाला बाधते असं तुला कुणीतरी सांगितलंय. खरं तर ती बंद केली तर बाधेल. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पुरेसं काम करू लागते ती साधारण निम्मे दिवस भरत आल्यावर. तोवर त्याला माझ्याच रक्तातलं हार्मोन मिळतं, आणि माझी ग्रंथी मंद असल्यामुळे ते या गोळीतूनच यायचं. याच महिन्यांत मेंदूच्या पेशी एका जागी जन्मतात आणि तिथून सरकत आपापल्या थरात जाऊन बसतात. कुठली जनुकं कधी चालू व्हायची, हे ठरवण्यात या हार्मोनचा हात असतो. पुढे मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या पेशी तयार व्हायलाही तेच लागतं. म्हणूनच डॉक्टरांनी डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केला. पहाटे उपाशीपोटी घेते, चहा अर्ध्या तासानं, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थेट दुपारी, नाहीतर ही नीट शोषली जात नाही. दर चार आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच तपासतात, त्यावरून डोस पुरतोय का ते कळतं. तू निर्धास्त राहा.

या हार्मोनला आयोडीन लागतं, म्हणून आता मिठाचं. तुम्ही साधं मीठ बंद करून सैंधव आणलंत. कृपा करून परत आयोडीनयुक्त मीठ आणा. ‘आपण समुद्राकाठची माणसं, आपल्याला काय कमी’ असं बाबा म्हणतील. ताज्या मासळीत आयोडीन असतं हे खरं, पण मिठागरातल्या खड्या मिठात ते जवळजवळ नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गावंच्या गावं गलगंडानं त्रासलेली होती. तिथे डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनचं मीठ पुरवून पाहिलं आणि तिथला गलगंड कमी होत गेला. १९६२ साली देशभरचा कार्यक्रम सुरू झाला तो या धड्यावरूनच. गळ्याची गाठ निदान दिसते तरी. आयोडीनअभावी पोटातल्या बाळाच्या बुद्धीचं जे नुकसान होतं, ते नंतर भरून निघत नाही. त्याचं मला फार वाटतं. माझं सगळं बाळंतपण तुमच्याच स्वयंपाकघरात व्हायचंय, म्हणून एवढा आग्रह. आणि मीठ झाकणाच्या बरणीत ठेव, चुलीशेजारी उघडं नको.

तुझे तुपातले लाडू खातेय. पण मेंदूला जी खास चरबी लागते, डीएचए, ती तुपात नसल्यातच जमा. ती तारली-बांगड्यात भरपूर असते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ ती आईकडून झपाट्यानं ओढून घेतं. जवस चांगलंच, मात्र आपलं शरीर त्यातून डीएचए फार थोडं बनवतं. सध्या मला मासळीचा वासही सहन होत नाही, त्यामुळे शेवाळापासून केलेली कॅप्सूल चालू आहे. तिनं बाळ हुशार होतं असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. दिवस पुरे भरण्याच्या दृष्टीनं मात्र अशा चरबीचा उपयोग दिसलाय. मळमळ थांबली की तुझं तारल्यांचं तिखलं मी पोटभर खाणार आहे, कोकमं जास्त घालून. मोरी, म्हणजे शार्क मासा, मात्र आणू नका. बाळंतिणीला तिचं कालवण देतात हे ठाऊक आहे, पण मोठ्या मोरीच्या अंगात पारा साठलेला असतो.

बाबा, आता तुमचं. मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडा, असा मेसेज तुम्ही मला पुढे पाठवलात. त्यातल्या पहिल्या अर्ध्यात थोडं तथ्य आहे. शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं, आणि बहुतेक त्या मायलिनमध्ये. पण मेंदू ते स्वतःच तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथवर जवळजवळ पोचतच नाही, वाटेत अडवलं जातं. तुमच्या रक्तात वाढलेलं कोलेस्टेरॉल हृदयाच्या नळीत जाऊन बसतं, आणि तिथे तुम्हाला आधीच स्टेंट घातलेला आहे. पाय दुखतात म्हणालात, ते मी हसण्यावारी नेत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ते डोस बदलतील, औषध बदलतील. पण आपल्या मनानं बंद करू नका. मला खूप भीती वाटते हो बाबा.

एक काम दोघांनी मिळून करा. बाळंतपणासाठी ज्या दवाखान्यात नाव घालायचं ठरलंय, तिथे विचारून ठेवा की जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करतात का. जन्मतः बाळ अगदी ठणठणीत दिसतं आणि तरी ग्रंथी काम करत नसू शकते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मेंदूचं नुकसान टळतं. आई, त्या वेळी बाळ रडेल, सुई बघून तुझा जीव गलबलेल, पण अडवू नकोस. तिथे सोय नसेल तर लगेच कळवा, म्हणजे नमुना कुठे पाठवायचा ते मी इथल्या डॉक्टरांना विचारून ठेवीन.

बाबांचा रक्ताचा जुना रिपोर्टही फोटो काढून पाठवा.

तुमची,
शुभा